ओहोटीची मिळकत

होडी, जाळे आणि खोल पाणी पुरुषांचे. पाणी उतरल्यावर उघडा पडणारा चिखल आणि ओली वाळू बायकांची, अशी एक अलिखित वाटणी कोकणच्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. होडीची सरकारी दप्तरात रीतसर नोंद होते, बंदरावर उतरलेल्या मासळीची मोजदाद होते. परंतु पदर खोचून खाडीत उतरलेल्या बाईने वेचून आणलेली तिसऱ्यांची, म्हणजे लहान शिंपल्यांची, टोपली थेट चुलीकडे किंवा बाजाराकडे जात असल्यामुळे तिचा हिशेब सहसा कोणत्याच वहीत उमटत नाही, आणि त्या टोपलीमागे असलेल्या ज्ञानाचा तर नाहीच नाही.

हे ज्ञान म्हणजे काय, ते ओल्या वाळूवर पाहावे. जवळजवळ असलेली दोन बारीक छिद्रे अनोळखी माणसाच्या नजरेस पडतही नाहीत. वेचणारी बाई मात्र तेथेच बोटे घालते. शिंपल्यातील प्राणी एका नळीने पाणी आत ओढतो, त्यातील सूक्ष्म अन्न गाळून घेतो आणि दुसऱ्या नळीने पाणी बाहेर सोडतो. त्या दोन नळ्यांच्या खुणा ती वाचीत असते. प्राणिशास्त्राच्या पुस्तकातील आकृती तिने पाहिलेली नसेल, पण त्या आकृतीचा पडताळा ती रोज घेते.

ज्या ओहोटीवर तिचे पोट चालते, त्याच ओहोटीवर खाडीकाठच्या तिवराचा श्वासही चालतो. खाऱ्या चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो. म्हणून तिवराची मुळे खाली जाण्याऐवजी पेन्सिलीसारखी उभी वर येतात आणि त्यांच्या सालीवरील सूक्ष्म रंध्रांतून हवा घेतात. भरती आली की ही रंध्रे पाण्याखाली जातात, आतील प्राणवायू खर्च होत जातो, निर्माण झालेला कर्बवायू पाण्यात विरघळतो, आणि मुळांतील हवेचा दाब उतरतो. मग पाणी ओसरून रंध्रे उघडी पडताच बाहेरची हवा आपसूक आत खेचली जाते. शोलँडर या शास्त्रज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी 1955 साली हे मोजमापाने दाखवून दिले. तिवराचे पान उन्हात तिरपे धरून पाहिले, तर त्यावर मिठाचे पांढुरके कण चकाकतात, आणि जीभ लावल्यास खारटपणाची खात्री पटते. मुळांतून शिरलेले मीठ हे झाड पानांवरील ग्रंथींवाटे बाहेर टाकीत असते. शेजारच्या कांदळाची तऱ्हा निराळी: तो बहुतांश मीठ मुळांच्या उंबऱ्यावरच अडवितो, आणि त्याचे बी झाडावर असतानाच रुजून, हिरव्या शेंगेसारखे लोंबून, मग चिखलात पडते.

अशा झाडांच्या कांदळवनाचे समुद्राशी असलेले नाते या मुळांच्या जाळीत गुंतलेले आहे. कोळंबीची आणि कित्येक माशांची पिल्ले मोठ्या माशांच्या तोंडातून वाचण्यासाठी तेथे आसरा घेतात. चिखलातील मोठ्या कुर्लीची, म्हणजे खेकड्याची, मादी लक्षावधी अंडी घेऊन खुल्या समुद्राकडे जाते, आणि तिची पिल्ले, लाटांवर वाढत वाढत, पुन्हा याच खाडीत परततात. सरपणासाठी वा भरावासाठी तिवर तुटला, की तोटा खाडीपुरता राहत नाही. दूर समुद्रात जाळे टाकणाऱ्याच्या वाट्यालाही तो येतो. मुंबई उच्च न्यायालयाने 2005 साली कांदळवनांच्या तोडीस मनाई केली आणि राज्य शासनाने 2012 साली स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापिला, हे योग्यच झाले. परंतु प्रत्येक खाडीच्या काठी पहारा बसविणे कोणत्याही सरकारला साधण्याजोगे नसते.

वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत या अडचणीतून एक वाट निघाली. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने सिंधुदुर्गात चाललेल्या सागरी जैवविविधता प्रकल्पाच्या आणि कांदळवन कक्षाच्या पाठबळाने, स्वामिनी महिला बचत गटातील मच्छीमार स्त्रियांनी 2017 साली कांदळवन सफर सुरू केली. होडी वल्हवतात त्या, आणि हा तिवर, हा कांदळ, ही चिप्पी, असे ओळखून दाखवून पानावरच्या मिठाचे मर्म सांगतात त्याही. वल्हे हाती घेणे हा पुरुषांचा प्रांत मानला गेलेल्या गावात ही लहान गोष्ट नव्हे. ज्या जाणकारीचा मोबदला आजवर फक्त टोपलीच्या वजनाने मिळे, तिची किंमत आता परगावचा माणूस तिकीट काढून देतो. आणि त्याला दाखवावयाचे झाड उभे राहावे, ही गरज होडी वल्हविणारीची स्वतःची होते. मनाईहुकुमाने जे साधत नाही, ते अशा वेळी जमाखर्च साधून देतो.

मात्र प्रत्येक नवा उद्योग खाडीच्या हिताचाच असतो, असे समजण्याचे कारण नाही. कुर्लीपालनासाठी लागणारी पिल्ले जर खाडीतूनच पकडली, तर ज्या पाळण्याचे रक्षण करावयाचे तोच रिता होतो. म्हणून तमिळनाडूतील उबवणकेंद्रात कुर्लीची पैदास करण्याचे जे तंत्र बसविले गेले, त्याचे मोल मोठे. सफरीच्या होड्यांची संख्या वाढवितानाही हाच विवेक हवा; पिल्लांना आसरा देणाऱ्या मुळांशेजारी होड्यांची गर्दी झाली, तर तिकिटाचा पैसा मूळ भांडवलातूनच वजा होऊ लागेल.

अशी मर्यादा कोठे घालावी, हे ठरविताना अधिकाऱ्यांनी कागदावरच्या आकड्यांबरोबर त्या टोपलीवालीलाही विचारावे. यंदा छिद्रे कमी दिसतात की जास्त, कुर्ली हाताएवढी मिळते की मुठीएवढी, हे तिला तिच्या वहिवाटीतूनच कळलेले असते; आणि पुढच्या ओहोटीला ती पुन्हा तेथेच जाऊन पाहणार असते.