प्लॅस्टिकचे सैनिक रंगवू या

दिवाळी सरली, किल्ला मोडला, की त्यावरचे सैनिक कुठे जातात हो? मातीचे मावळे एकदोन वर्षांत फुटतात. पाकिटातून मिळणारे प्लॅस्टिकचे हिरवे सैनिक फुटत नाहीत, पण खेळण्यांच्या डब्यात तळाशी जाऊन बसतात. मैत्रिणींनो, या सुट्टीत त्यांनाच बाहेर काढा आणि रंगवा. दुपारचा तास कसा गेला, कळायचंही नाही!

हा केवळ पोरखेळ नाही बरं का. लंडनची विल्यम ब्रिटन ही कंपनी 1893 पासून शिशाचे पोकळ सैनिक बनवीत असे. शिसं विषारी, खेळण्यांबद्दलचे नियम कडक झाले आणि 1966 साली ते बंद पडले. तोवर प्लॅस्टिक आलं होतं. एअरफिक्स या ब्रिटिश कंपनीने 1959 मध्ये जेमतेम इंचभर उंचीचे सैनिक विकायला काढले, आणि मोठी माणसंही ते रंगवू लागली.

आता नेहमीची तक्रार : “रंगवला, पण दोन दिवसांत पोपडे निघाले!” दोष तुमच्या हाताचा नाही. हे मऊ प्लॅस्टिक दुधाच्या पिशवीच्याच जातीचं. त्यावर सहसा काही चिकटत नाही. शिवाय बंदूक वाकली की रंग तडकतो. म्हणून रंगाआधीची तयारी महत्त्वाची.

सैनिक कोमट पाण्यात, भांड्यांच्या साबणाने आणि जुन्या टूथब्रशने घासून घ्या. साच्याचा तेलकटपणा जायला हवा. रात्रभर वाळू द्या. मग पांढऱ्या फेव्हिकॉलमध्ये थोडं पाणी मिसळून अंगभर पातळ हात द्या. वाळल्यावर तो सालीसारखा घट्ट बसतो आणि रंगाला धरून ठेवतो. यानंतर अ‍ॅक्रिलिक रंग वापरा; पोस्टर कलर ओल्या हातालाही सुटतो. एक जाड हात देण्यापेक्षा दोन पातळ हात बरे. आधी चेहरा व हात, मग कपडे, शेवटी पट्टा, बूट, बंदूक. धरायला सोपं जावं म्हणून सैनिक बाटलीच्या बुचावर तात्पुरता चिकटवा. पाणीदार तपकिरी रंग चुण्यांमध्ये सोडलात, की गणवेशाला लगेच उठाव येतो. शेवटी अ‍ॅक्रिलिक वार्निशचा हात द्या.

इथे एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. दारं-खिडक्या रंगवून उरलेला जुना ऑइलपेंट यासाठी मुळीच घेऊ नका. त्यात शिसं असू शकतं, आणि शिसं मुलांच्या मेंदूला अपाय करतं. घरगुती रंगांत दहा लाख भागांत 90 भागांहून अधिक शिसं नसावं, असा नियम केंद्र सरकारने 2016 साली केला; पण माळ्यावरचा डबा त्याआधीचा असला तर? ब्रशला टोक आणण्यासाठी तो ओठांत धरायची सवयही नको. आणि घरात तान्हं मूल असेल तर ही फौज उंच फळीवरच ठेवा. इवलासा सैनिक घशात अडकायला वेळ लागत नाही.

आता पायाखालची बैठक. लग्नपत्रिकेच्या जाड पुठ्ठ्याची चकती कापा. नुसत्या गोंदाने पाय सुटतात, म्हणून खालून बारीक टाचणी टोचून घ्या. टोक बाहेर डोकावत नाही ना, ते बोटाने नव्हे, डोळ्यांनी पाहा! वरून फेव्हिकॉल लावून चाळलेली वाळू भुरभुरवा. चहाचा चोथा धुऊन, कडकडीत उन्हात वाळवलात तर छान माती दिसते. दमट राहिला तर बुरशी धरते. हिरव्या रंगात घोळवलेला लाकडाचा भुसा झाला गवत.

बंदूकवाल्याला ओढूनताणून मावळा करू नका. खाकी-हिरव्या गणवेशात तो आपला जवान म्हणूनच शोभतो.

एका बैठकीत तीनचारच घ्या. वीस घेतले तर कंटाळा येतो. तयार झालेले मिठाईच्या खोक्यात कापूस घालून ठेवा. पुढच्या दिवाळीत किल्ला नवा असेल, पण फौज मात्र तुमच्या हातची!