शेवटच्या कडव्यातले नाव

पेणच्या गणपतीवर घडवणाऱ्याचे नाव नसते. पेण शहरात, हमरापुरात, जोह्यात वर्षभर कारखाने चालू असतात, लाखो मूर्ती मुंबई-पुण्याला आणि पार साता समुद्रापलीकडे जातात. पण आपल्या घरच्या मूर्तीचे डोळे कुणाच्या हाताने आखले, हे आपल्याला कधीच कळत नाही. गंमत पुढेच आहे. त्या बिननावाच्या मूर्तीपुढे उभे राहून आपण जे गातो, त्यात मात्र करणाऱ्याचे नाव ठळक असते. ‘सुखकर्ता दुःखहर्ता’च्या शेवटच्या कडव्यात ‘दास रामाचा’ येतो. ते समर्थ रामदास. टाळ्यांच्या गजरात तिथवर पोचेपर्यंत आपले निम्मे लक्ष मोदकांकडे गेलेले असते, म्हणून ते नाव कानांवरून निघून जाते इतकेच.

एकदा लक्ष गेले की मग सुटका नाही. ‘दुर्गे दुर्घट भारी’च्या शेवटी नरहरी आहे. ‘युगे अठ्ठावीस’च्या शेवटी नामदेव. दत्ताच्या आरतीत एकनाथ, आणि तेही गुरूला सोबत घेऊन. ‘आरती ज्ञानराजा’त रामा जनार्दनी. पाच आरत्या म्हणायला पंधरा मिनिटे लागतात, आणि तेवढ्यात आपण चार-पाच कवींची हजेरी घेऊन मोकळे होतो. त्यातल्या नरहरीची ओळख तर बहुतेकांना त्या एका कडव्यापुरतीच. आरतीसंग्रहाच्या मुखपृष्ठावर यांपैकी कुणाचेही नाव नसते. गाण्याच्या पोटात असते.

इंग्रजी गाण्यांच्या दुनियेत गायकाने आपलेच नाव गाण्याला देणे ही मौजेची गोष्ट मानतात. 1955 साली बो डिडली या गायकाचे पहिलेच गाजलेले गाणे ‘बो डिडली’ या नावाचे होते. 1969 मध्ये बीटल्सचे ‘द बॅलड ऑफ जॉन अँड योको’ ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले. त्यातला जॉन म्हणजे गाणारा जॉन लेनन स्वतः. 2000 साली एमिनेमने ‘स्लिम शेडी’ या आपल्याच दुसऱ्या नावाचा डंका पिटला. अशा गाण्यांच्या याद्या करणारे हौशी लोक आहेत. मराठीत तशी यादी करायला बसावे तर बसूच नये, कारण ती गाथेएवढी होईल. फरक एवढाच की आपल्या जुन्या गाण्यांना शीर्षक नसते, पहिली ओळ हेच त्यांचे नाव. त्यामुळे करणारा दारावर पाटी न लावता शेवटच्या कडव्यात येऊन बसला. याला नाममुद्रा म्हणतात.

ही मुद्रा बसते कशी, ते पाहण्यासारखे आहे. अभंग हा अक्षरे मोजून चालणारा छंद. मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा आणि शेवटी चार अशी अक्षरांची चाल असते. लहान अभंगात आठ-आठ अक्षरांचे चरण. आता बोटांवर मोजा. तु-का-म्ह-णे : चार. ना-मा-म्ह-णे : चार. चो-खा-म्ह-णे : चार. ज-नी-म्ह-णे : चार. म्हणजे लहान अभंगाच्या चरणात नाव बरोबर अर्धी जागा घेते, आणि मोठ्या अभंगात आणखी दोन अक्षरांचा एखादा शब्द लावला की सहाचा तुकडा पुरा. ‘ज्ञानदेव म्हणे’ मोजले तर सहा, ‘एका जनार्दनी’ मोजले तर तेही सहा. त्यांना जोडीचा शब्दही लागत नाही. चाल न बिघडवता, मृदंगाचा ठेका न अडखळता नाव आत शिरते. देहूचा वाणी, पंढरपूरचा शिंपी, मंगळवेढ्याचा चोखोबा आणि घरकाम करणारी जनी यांची नावे छंदाच्या एकाच मापाच्या घरात राहायला येतात, हे मला अजूनही नवलाचे वाटते.

त्यासाठी नावे आखूड करावी लागली. पण मापापलीकडेही त्यात काही आहे. लोक म्हणतात तुकोबा, नामदेवराय, जनाबाई, नाथ. स्वतःच्या गाण्यात ते स्वतःला म्हणतात तुका, नामा, जनी, एका. घरातल्या थोरल्यांनी ओसरीवरून हाक मारावी तशी ही नावे. ‘मी सांगतो’ असे न म्हणता ‘तुका म्हणे’ असे परक्यासारखे म्हटले की आणखी एक सोय होते: गाणारा बदलला तरी वाक्य खोटे ठरत नाही. रोह्याकडच्या एखाद्या गावात सप्ताहाच्या कीर्तनात बुवा ‘तुका म्हणे’वर येतात, मागचे टाळकरी ते उचलतात, आणि तेवढ्यापुरते तीस-चाळीस जण एकदम तुकोबांच्या वतीने बोलत असतात.

चोरीचीही सोय झाली. सालोमालो नावाच्या कीर्तनकाराने तुकोबांचे अभंग आपल्या नावावर खपवले, असे वारकरी परंपरा सांगते. आणि दुसऱ्याचे आपले म्हणून मिरवणाऱ्या सालोमालोवर तुकोबांनी केलेला चिडका अभंग गाथेत आहे. चार अक्षरे काढायची, ‘सालो म्हणे’ ही चार घालायची. चाल तशीच, अर्थ तसाच. छापखाना नव्हता, कायदा नव्हता; माल ज्याच्या तोंडी त्याचा. म्हणजे नाममुद्रा हे कुलूप होते खरे, पण कुठल्याही किल्लीने उघडणारे.

याच्या उलटही घडले, आणि ते जास्त विलक्षण आहे. कुणी नामदेवांची गाणी चोरली नाहीत. उलट आपली गाणी त्यांच्या नावावर जमा केली. नामदेवांच्या नावावरच्या गाथेत नंतरच्या काळातल्या इतर ‘नाम्यां’च्या रचना मिसळल्या आहेत, विशेषतः ‘विष्णुदास नामा’ म्हणवणाऱ्याच्या, हे अभ्यासक फार दिवस सांगत आले आहेत. स्वतःचे नाव मिटवून थोराच्या नावाने लिहायचे! आज पुस्तकाच्या पाठीवर आपला फोटो केवढा येणार यावर भांडणाऱ्यांना हे समजावून सांगणे अवघड आहे. नामदेवांची मुद्रा तर पंजाबातही पोचली: शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात त्यांची 61 पदे आहेत. त्याच ग्रंथात एका नावात अनेक जण राहण्याचा प्रकार अगदी उघडपणे केलेला दिसतो. सहा गुरूंच्या रचना तिथे आहेत आणि सगळ्यांची मुद्रा एकच, ‘नानक’. मग रचना कुणाची हे ओळखायचे कसे? तर ‘महला’ या शब्दापुढे आकडा घालून: पहिला, दुसरा, तिसरा, चौथा, पाचवा आणि थेट नववा. नाव एकच ठेवायचे आणि माणसांना आकडे द्यायचे.

काहींनी मुद्रेत स्वतःचे नावच घेतले नाही. ज्ञानदेवांच्या कितीतरी अभंगांत ‘बापरखुमादेवीवरु’ येतो, म्हणजे रखुमाईचा पती, आपला बाप विठ्ठल. पण ज्ञानदेवांच्या वडिलांचे नाव विठ्ठलपंत आणि आईचे रुक्मिणी! देवाचे नाव घेतले की आईबापांचे आपोआप घेतले जाते. एकनाथ आपल्या नावाला जनार्दनस्वामींचे नाव असे चिकटवतात की गुरू कुठे संपतो आणि शिष्य कुठे सुरू होतो ते कळू नये. सोयराबाई स्वतःला चोख्याची बायको म्हणूनच पुढे करते. जनी स्वतःला नामयाची दासी म्हणते. एका ओळीत दोन-दोन माणसे उभी.

शाहिरांकडे आलो की ही दोन माणसे खरोखरच रंगमंचावर दिसतात. पेशवाईच्या उत्तरार्धात पुण्यात गाजलेला ‘होनाजी बाळा’ हा एक माणूस नव्हे. होनाजी शिलारखाने कवने रचायचा आणि बाळा करंजकर ती गायचा. मुद्रेत दोघांची नावे. ‘घनश्याम सुंदरा’ या भूपाळीच्या शेवटीही ही जोडी आहे. व्ही. शांताराम यांनी 1951 साली ‘अमर भूपाळी’ काढला, वसंत देसाईंच्या संगीतात पंडितराव नगरकर आणि लता मंगेशकर यांनी ती गायली, आणि बाळा करंजकराचे नाव त्याला कधीही न पाहिलेल्या लाखो लोकांच्या तोंडी गेले. गाणाऱ्याचे नाव गाण्यातच असल्याचा इतका चोख दाखला मला दुसरा ठाऊक नाही. शाहीर प्रभाकराच्या कवनांतही त्याच्या नावाबरोबर गंगू हैबतीचे नाव येते, कारण कवन ज्या फडावर गाजणार त्याची जाहिरात कवनातच करून ठेवलेली बरी. आणि रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी वतनदारी सोडून तमाशात शिरले तेव्हा त्यांनी लावण्यांत जे नाव घातले ते जन्माचे नव्हते, तमाशाने दिलेले होते: पठ्ठे बापूराव.

ही चाल रायगडात आजही जिवंत आहे. रोहा, माणगाव, म्हसळा, महाड या भागात शक्ती-तुऱ्याच्या बाऱ्या होतात. शक्तीवाले शक्तीची थोरवी गातात, तुरेवाले शिवाची, आणि मध्ये सवाल-जवाबांची जुगलबंदी. प्रत्येक गीताच्या अखेरीला शाहीर गुरूचे नाव घेतो, कवीचे घेतो, गावाचे घेतो आणि मग आपले. मुंबईत नोकरीला आलेल्या गाववाल्यांनी हाच खेळ परळच्या दामोदर नाट्यगृहासारख्या ठिकाणी नेला. तिथे गावाचे नाव आले की मागच्या रांगांतून शिट्टी हमखास. शिट्टीला छंदशास्त्रात जागा नाही, पण असायला हवी होती.

नावाची ही गरज यंत्रालाही लागली. 1902 च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्गने कोलकात्यात गौहर जान यांचे ध्वनिमुद्रण केले. जेमतेम तीन मिनिटांची तबकडी. ठुमरी आवरती घेऊन त्या शेवटी इंग्रजीत आपले नाव सांगतात. त्यात मिरवणेही असेल, पण मुख्य कारण कारखान्याचे होते. तबकड्या छापायच्या होत्या जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या कारागिरांना कुठला आवाज कुणाचा हे कसे कळावे? म्हणून गाण्याच्या शेवटी नाव. तुकोबांचा आणि हॅनोव्हरच्या कारागिरांचा प्रश्न एकच निघाला आणि उत्तरही एकाच जागी सापडले. आज गाणे सुरू होताच ‘यो यो हनी सिंग’ अशी आरोळी येते ती याच कुळातली. शेवटाला ऐकायला कुणी थांबत नाही, म्हणून मुद्रा सुरुवातीला सरकली आहे.

मग बायकांच्या गाण्यांचे काय? इथे चित्र पार उलटे आहे. हेमा राइरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या ओव्यांत भाऊ आहे, लेक आहे, आई आहे, विठ्ठल आहे, सीता आहे. गाणारीचे स्वतःचे नाव शोधावे लागते. पेणच्या आगरी लग्नात धवलारीण धवळे गाते, एकेका विधीला तिचे गाणे लागते, नवरा-नवरीची आणि घरच्यांची नावे त्यात ओवली जातात, तिचे मात्र नाही. त्याच लग्नात हळदीच्या रात्री वाजणाऱ्या ‘वेसावची पारू’त गावाचे नाव आहे, आणि गाणाऱ्या चमूचे नावही त्याच गावावरून: वेसावकर आणि मंडळी. पुरुषांनी निदान गाव तरी सोडले नाही.

आणि नाव न घालणारा एक पुरुष नेमका पेण तालुक्यातला. गागोदे गावी 1895 साली विनायक नरहर भावे जन्मले. गांधीजींच्या आश्रमात ते विनोबा झाले, ज्ञानोबा-तुकोबांच्या वळणाचे नाव. त्यांच्या आईला संस्कृत गीता समजेना, तेव्हा तूच का मराठीत करीत नाहीस, असे ती या मुलाला म्हणाली होती. ती 1918 मध्ये गेली. ‘गीताई’ 1932 साली छापली गेली आणि पुढे तिच्या लाखो प्रती खपल्या. श्लोकाला श्लोक, बहुतांशी आठ अक्षरांचे चरण. म्हणजे ज्या मापात ‘तुका म्हणे’ अर्धी जागा घेते तेच माप. आई त्यांना विन्या म्हणायची. वि-न्या-म्ह-णे, चार अक्षरे, अगदी फिट्ट बसली असती. सातशे श्लोकांत ती कुठेही नाहीत. शीर्षकात मात्र आई आहे, आणि तिचे नाव होते रुक्मिणी.