जमिनीत पाणी किती वेगाने मुरते?

पिकाला पाणी किती द्यावे याचा विचार सर्वत्र होतो. परंतु ते जमीन किती वेगाने पिते, याचे मोजमाप क्वचितच केले जाते. अंबडचा बराच भाग आज औद्योगिक वसाहतीने व्यापला असला, तरी नाशिक परिसरातील शिवारांत काळी भारी जमीन व मुरमाड हलकी जमीन जवळजवळ आढळतात. दोहोंना एकच पाळी लागू करणे हिताचे नाही.

याची किंमत महाराष्ट्राने मोजली आहे. नीरा डावा कालवा १८८५ मध्ये सुरू झाला. पुढे उसाला सतत मिळालेले पाणी व निचऱ्याचा अभाव यांमुळे बारामतीकडील पुष्कळ जमीन खारावली. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी या जमिनींचा अभ्यास केला.

मोजमापास लोखंडी पत्र्याची दोन कडी पुरतात. आतील कड्याचा व्यास ३० सेंटिमीटर व बाहेरील कड्याचा ६० सेंटिमीटर असावा. भेगा व उंदरांची बिळे टाळून जागा निवडावी. कड्यांवर लाकडी फळी ठेवून, ती १० ते १५ सेंटिमीटर खोल सरळ ठोकावीत. माती ढवळू नये म्हणून तळाशी गोणपाट पसरून पाणी ओतावे व नंतर ते काढून घ्यावे. दोन्ही कड्यांत पाण्याची पातळी सारखी राखावी. बाहेरचे पाणी बाजूंना पसरते. त्यामुळे आतले पाणी मुख्यतः सरळ खाली जाते. मोजणी केवळ आतील पाण्याची करावी.

प्रथम दर ५ मिनिटांनी, मग १५ मिनिटांनी व पुढे अर्ध्या तासाने पातळी किती उतरली ते पट्टीने मोजून लिहावे व पाणी पुन्हा भरावे. लागोपाठ तीन अर्ध्या तासांच्या नोंदी सारख्या आल्या, म्हणजे वेग स्थिरावला असे समजावे.

काळ्या जमिनीत पहिल्या तासाची नोंद फसवी असते. कोरडी माती प्रथम भराभर पाणी पिते; मग ती फुगते, भेगा मिटतात व वेग घटतो. समजा, पहिल्या तासात ४० मिलिमीटर पाणी मुरले व नंतर वेग तासाला ५ मिलिमीटरवर आला. पहिल्या नोंदीवरून ६० मिलिमीटर पाणी दीड तासात मुरेल असे वाटेल. प्रत्यक्षात पाच तास लागतील. तोवर सरीत पाणी तुंबून मुळांना हवा मिळत नाही. द्राक्षबागेस हे विशेष घातक असते.

सामान्यतः चिकण जमिनीचा स्थिर वेग तासाला १ ते ५ मिलिमीटर, पोयट्याचा १० ते २० व वाळूचा ३० हून अधिक असतो. वेग मंद असल्यास पाणी सावकाश सोडावे व निचऱ्याचे चर काढावेत. वेग जलद असल्यास पाळी हलकी व लवकर द्यावी. अन्यथा पाणी व खत मुळांखाली वाहून जाते.

एका शेतात निदान तीन ठिकाणी मोजणी करावी. तिच्या नोंदवहीत तारीख, पीक व मातीचा ओलावा लिहून ठेवावा. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हे प्रात्यक्षिक पाण्याच्या पाळीपूर्वी करून दाखविल्यास शेतकऱ्यास स्वतःच्या जमिनीचा स्वभाव आकड्यांत कळेल.