उधारीवर उभा राहिलेला फरचा व्यापार

1784 साली जर्मनीतील वाल्डॉर्फ गावच्या एका खाटकाचा वीस वर्षांचा मुलगा अमेरिकेत उतरला. विकण्यासाठी त्याने सोबत काही बासऱ्या आणल्या होत्या. जॉन जेकब अ‍ॅस्टर हे त्याचे नाव. 1848 मध्ये तो निवर्तला, तेव्हा अमेरिकेतील सर्वांत धनाढ्य गृहस्थ म्हणून त्याची गणना होत होती.

या संपत्तीचा पाया बीव्हर नावाच्या, ओढ्यांवर बांध घालून राहणाऱ्या प्राण्याच्या कातड्यांनी घातला. त्याच्या मऊ लोकरीच्या नमद्यापासून युरोपात टोप्या बनत. अ‍ॅस्टरचे खरे कसब भांडवल फिरते ठेवण्यात होते. घोंगड्या, सुऱ्या, किटल्या जंगलात जात. तेथून कातडी न्यूयॉर्कला, पुढे लंडनला किंवा चीनमधील कॅन्टन बंदरात. परतीच्या जहाजात चहा आणि रेशीम. हाती येणारा नफा तो मॅनहॅटनच्या जमिनीत घाली. 1808 मध्ये त्याने अमेरिकन फर कंपनी स्थापन केली. 1811 मध्ये कोलंबिया नदीच्या मुखाशी वसवलेले अस्टोरिया ठाणे युद्धामुळे दोनच वर्षांत प्रतिस्पर्ध्यांना विकावे लागले. तो तोटा त्याने पचवला.

मात्र या व्यापाराचा कणा होता उधारी. हिवाळ्यापूर्वी मूळ रहिवासी शिकाऱ्यांना माल उधार द्यायचा आणि वसंतात कातड्यांच्या रूपाने वसुली करायची, अशी ही रीत. मालाचा भाव व्यापारी ठरवी, आणि बहुधा कातड्याचाही. अशा खात्यात बाकी शून्य होणे कठीणच. त्यात दारूचीही भर पडे. श्रावकाला वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांतील दंतवाणिज्य आणि रसवाणिज्य, दोन्ही येथे एकाच दुकानात नांदत होती.

बीव्हर विरळ होत गेले, टोप्यांसाठी रेशमाची चलती सुरू झाली. अ‍ॅस्टरने 1834 मध्ये या धंद्यातून अंग काढून घेतले. कंपनीचे नाव पुढे चालू राहिले. शिकाऱ्यांकडील येणीही वह्यांत तशीच राहिली. 1837 मध्ये ओजिब्वे लोकांनी आजच्या विस्कॉन्सिन व मिनेसोटा राज्यांतील विस्तीर्ण भूभाग सरकारला दिला. त्या करारात व्यापाऱ्यांच्या येण्यांपोटी 70,000 डॉलर राखून ठेवण्यात आले होते.