भंगारातला सेंट्रिफ्यूज : गैरसमज आणि वस्तुस्थिती

वाहनांच्या भंगारातून मिळालेले भाग जोडून घरच्या घरी सेंट्रिफ्यूज, म्हणजेच केंद्रोत्सारक यंत्र, उभे करण्याचा खटाटोप मुख्यतः वापरलेले इंजिन ऑइल किंवा तळणीचे उरलेले तेल स्वच्छ करण्यासाठी केला जातो. तत्त्व साधे आहे. भांड्यात स्थिर ठेवलेल्या गढूळ तेलातला जड गाळ काही दिवसांत तळाशी बसतो, आणि तेच तेल वेगाने फिरवले तर तो गाळ काही मिनिटांत बाहेरच्या भिंतीवर जाऊन घट्ट बसतो. स्वीडनमधील गुस्ताफ द लावाल यांनी 1878 मध्ये दुधापासून साय वेगळी करणारे सतत चालणारे यंत्र घडवले ते याच तत्त्वावर, आणि आजच्या दूध डेअऱ्यांतली यंत्रे त्याच वंशातली आहेत. तत्त्व साधे असल्यामुळेच या यंत्राभोवती गैरसमज पुष्कळ जमले आहेत, आणि त्यांतले काही जिवावर बेतणारे आहेत.

सर्वांत रूढ समज असा की, मिनिटाला फेऱ्या जितक्या अधिक तितके यंत्र सरस. वास्तविक गाळाला भिंतीकडे ढकलणारी प्रेरणा फेऱ्यांच्या वर्गाच्या आणि त्रिज्येच्या प्रमाणात वाढते व ती गुरुत्वाच्या पटींत मोजली जाते. 10 सेंटिमीटर त्रिज्येवर मिनिटाला 3,000 फेऱ्यांना ती गुरुत्वाच्या सुमारे 1,000 पट असते, तर निम्म्या त्रिज्येवर 6,000 फेऱ्यांना सुमारे 2,000 पट. परंतु कण प्रत्यक्षात किती लवकर भिंतीला लागेल, हे केवळ या पटीवर ठरत नाही. स्टोक्सच्या नियमानुसार कणाचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, म्हणजे कण निम्म्या आकाराचा असेल तर तो चौपट सावकाश सरकतो. शिवाय तेल जितके दाट तितका तो अडखळतो. बाजारात सर्रास मिळणारे 15डब्ल्यू-40 प्रतीचे इंजिन ऑइल 100 अंश सेल्सिअसला असते त्याच्या सुमारे सातपट दाट ते 40 अंशांना असते. म्हणूनच तेल गरम करून सावकाश सोडणारा कारागीर, थंड तेल भरधाव फिरवणाऱ्यापेक्षा पुष्कळदा अधिक स्वच्छ तेल मिळवतो.

दुसरा समज अधिक घातक आहे. फिरते भांडे म्हणून वापरला जाणारा ब्रेक ड्रम जाड, वजनदार आणि व्हील हबच्या बेअरिंगांवर बसणारा असतो, तेव्हा तो कितीही वेगाने फिरवावा, असे अनेकांना वाटते. परंतु 60 सेंटिमीटर व्यासाचे चाक असलेली मोटार ताशी 100 किलोमीटर वेगाने धावते तेव्हा ड्रम मिनिटाला फक्त 900 च्या आसपास फेऱ्या घेतो. तोच ड्रम 6,000 फेऱ्यांवर नेला की धातूतला ताण फेऱ्यांच्या वर्गाने वाढून सुमारे 45 पट होतो. ड्रम ओतीव लोखंडाचा असतो. हे लोखंड दाबाला बळकट पण ओढीला कमकुवत, आणि वर्षानुवर्षांच्या ब्रेकच्या उष्णतेने जुन्या ड्रमाला डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा पडलेल्या असू शकतात. त्यात तेलाचाही भार येतो, कारण 12 सेंटिमीटर त्रिज्येच्या ड्रमात 4 सेंटिमीटर जाडीचा तेलाचा थर या वेगाने भिंतीवर सुमारे 14 बार दाब देतो. तोलाचे गणित तर याहून निष्ठुर आहे: त्या त्रिज्येवर केवळ 10 ग्रॅमचा फरक राहिला तर बेअरिंगवर सेकंदाला 100 वेळा दिशा बदलणारी सुमारे 48 किलोची ओढ पडते, आणि गाळ भिंतीवर एका बाजूला अधिक साचला की असा फरक आपोआप निर्माण होतो. त्या वेगाने फिरणाऱ्या 8 किलोच्या कड्यात साठलेली ऊर्जा 1,200 किलोची मोटार ताशी 22 किलोमीटर वेगाने धावताना तिच्यात असते तेवढी असते. ड्रम फुटल्यास ही सारी ऊर्जा तुकड्यांसह बाहेर पडते, आणि पत्र्याचे आवरण ती अडवू शकत नाही.

भंगारातला प्रत्येक फिरता भाग या कामाला निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नव्हे. जड ट्रकांच्या डिझेल इंजिनांवर बसवला जाणारा केंद्रोत्सारी ऑइल फिल्टर याच कामासाठी घडवलेला असतो, आणि तो चालवण्यास मोटर जोडावी लागते हाही एक गैरसमजच आहे. पोकळ आसातून दाबाने आत आलेले तेल रोटरच्या, म्हणजे फिरत्या भांड्याच्या, तळाशी असलेल्या दोन बारीक तोंडांतून परस्परविरुद्ध दिशांना फवारले जाते आणि त्या फवाऱ्याच्या प्रतिक्रियेनेच भांडे फिरते. त्याला हवा असतो पुरेशा दाबाचा पंप आणि तेल खाली वाहून जाण्यासाठी रुंद नळी. ही नळी अरुंद राहिली तर खाली साचलेले तेल रोटरला भिडते आणि त्याचा वेग पडतो. महाराष्ट्रातल्या कोणत्याही गॅरेजात या तत्त्वाचे छोटे रूप पाहता येते, कारण हीरो होंडा स्प्लेंडरच्या इंजिनात क्रँकशाफ्टच्या टोकाशी असाच फिरता फिल्टर असतो आणि इंजिन उघडले की मिस्त्री त्यातला काळा थर खरवडून काढतो.

यंत्रातून निघालेले तेल नव्यासारखे होते, हा समज मात्र पूर्णतः चुकीचा आहे. सेंट्रिफ्यूज घनतेतला फरक ओळखतो, रसायन ओळखत नाही. धातूचा चुरा, धूळ आणि काजळीचे गुठळलेले कण तो वेगळे करतो. पण तेलात विरघळलेले आम्ल, मिसळलेले डिझेल आणि संपत आलेली पूरक द्रव्ये त्याच्या कक्षेत येत नाहीत, आणि पाण्याला वेगळी वाट काढून देणारी रचना साध्या रोटरमध्ये नसते. ट्रकमध्येही हा फिल्टर मुख्य फिल्टरच्या जोडीला, तेलाचा थोडा भागच घेऊन काम करतो.

तळणीच्या तेलाबाबतही हेच खरे आहे. अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने 1 जुलै 2018 पासून तळणीच्या तेलातील एकूण ध्रुवीय संयुगांची, म्हणजे वारंवार तापवल्याने तयार होणाऱ्या घटकांची, मर्यादा 25 टक्के ठरवली आहे. ही संयुगे तेलात विरघळलेली असल्याने फिरवून निघत नाहीत, त्यामुळे स्वच्छ दिसणारे तेल पुन्हा खाण्यास योग्य ठरत नाही. गाळलेले तेल म्हणजे बायोडिझेल, असेही नाही. त्यासाठी तेलाची मिथेनॉलशी अल्काच्या साहाय्याने रासायनिक प्रक्रिया व्हावी लागते, आणि सेंट्रिफ्यूज तिची जागा घेऊ शकत नाही.

भंगारातून यंत्र उभारू पाहणाऱ्याने ब्रेक ड्रम आणि व्हील हब बाजूला ठेवून मूळचाच केंद्रोत्सारी फिल्टर शोधावा, तो त्याच्या मूळ आवरणातच चालवावा आणि रोटर पूर्ण थांबेपर्यंत ते आवरण उघडू नये. खरवडलेला गाळ व वापरलेले इंजिन ऑइल गटारात किंवा जमिनीवर टाकू नये. वापरलेले तेल 2016 च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडते आणि ते अधिकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडेच द्यावे लागते.