रिकामी पुंगळी घरी भरताय? ठासणीची दारू वेगळी, काडतुसाची वेगळी!

भात पोटरीला आलं की रानडुकरांचे कळप शेतात उतरतात. सिंधुदुर्ग, रत्नागिरीतल्या बऱ्याच घरांत शेती संरक्षणाच्या परवान्याची बंदूक आहे, कुठे ठासणीची, कुठे बाराबोर. काडतूस महाग, त्यासाठी शहरातल्या दुकानापर्यंत हेलपाटा. मग कुणीतरी मोबाईलवर व्हिडिओ दाखवतो: रिकाम्या पुंगळीत दारू भरा, छरे घाला, झालं काडतूस!

हे व्हिडिओ बहुतेक अमेरिकेतले. तिथे घरी काडतुसं भरणं हा कायदेशीर छंद आहे. दारूच्या डब्यावर नेमकं नाव असतं, कंपनी वजनाचे तक्ते देते. कुठली पुंगळी, कुठला बोळा, किती छरे, सगळं ठरलेलं. एक गोष्ट बदलली तरी दाब बदलतो. आपल्याकडे हाताशी काय, तर ठासणीची काळी दारू, नाहीतर जुनं काडतूस फोडून काढलेली.

खरी गफलत इथेच होते, कारण दोन्हीला आपण दारूच म्हणतो. काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक. कारखान्याच्या काडतुसात असते ती धूर न करणारी, नायट्रोसेल्युलोजची दारू. १८८४ मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिएल यांनी ती तयार केली. वजनाच्या मानाने तिची ताकद कितीतरी जास्त, आणि नळीत दाब वाढेल तशी ती आणखी वेगाने जळते. ठासणीच्या मापाने ही दारू घातली तर नळी फुटू शकते, आणि फुटते ती हाताजवळ, तोंडासमोर.

काही परदेशी खोक्यांवर ‘ड्रॅम’चा आकडा असतो, तोही फसवतो. ३ ड्रॅम म्हणजे सुमारे ५.३ ग्रॅम, पण हे आतल्या दारूचं वजन नव्हे. एवढ्या काळ्या दारूने जो वेग आला असता तो या काडतुसाचा वेग, इतकाच त्याचा अर्थ. आत दारू खूपच कमी असते.

मग काळी दारूच पुंगळीत भरली तर? तीही ठिणगीने भडकते, आणि टोपी काढता-बसवताना हातात उडू शकते. शिवाय परवाना बंदूक बाळगायचा आहे, काडतुसं बनवायचा नाही. शस्त्र कायदा, १९५९ नुसार काडतुसाचे सुटे भाग आणि ते बनवायची यंत्रंही दारूगोळ्यातच मोडतात. विनापरवाना बनवल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान ७ वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप.

पावसात ओली झालेली, फुगलेली काडतुसं चुलीजवळ वाळवू नका, फोडूही नका. दुकानदाराला किंवा पोलीस ठाण्यात विचारून जमा करा. बार उडाला नाही तर नळी मोकळ्या जागेकडेच धरून ठेवा, निदान अर्धा मिनिट तरी. कधी कधी दारू उशिरा पेटते. लगेच नळीत डोकावायला जाऊ नका.