राजा म्हणजे फूटपट्टी!

कंपासपेटीतला रूलर आणि देशाचा रूलर. इंग्रजीत दोघांना एकच शब्द कसा? योगायोग वाटतो ना? अजिबात नाही! गोष्ट हजारो वर्षं जुनी आहे आणि तिच्यात आपला 'राजा'सुद्धा आहे.

संस्कृत 'राजन्', लॅटिन 'रेक्स', आयरिश 'री' ही इंडो-युरोपीय भाषाकुळातली सख्खी भावंडं. बहुतेक भाषातज्ज्ञांच्या मते त्यांचं मूळ 'सरळ करणे, दिशा देणे' अशा अर्थाच्या धातूत आहे. संस्कृत 'ऋजु' (सरळ) आणि इंग्रजी 'राइट' त्यातूनच आले. लॅटिनमार्गे 'रूल', 'करेक्ट' आणि 'रेग्युलर'ही आले. म्हणजे लेक्चरला रेग्युलर बसणारे राजाचे लांबचे नातेवाईकच की!

फ्रेंच भाषातज्ज्ञ एमिल बेनव्हेनिस्त यांनी १९६९ मधल्या ग्रंथात यावर एक भारी मुद्दा मांडला. हा जुना 'रेक्स' हुकूम सोडणारा कमी आणि रेषा आखणारा जास्त होता. हद्द कुठली, योग्य काय, हे ठरवणं त्याचं काम. कालिदासानं 'रघुवंशा'त वेगळीच व्युत्पत्ती दिली: प्रजेचं रंजन करतो तो राजा. आजचे भाषातज्ज्ञ ती मानत नाहीत, पण राजाकडून अपेक्षा काय होती ते त्यातून कळतं.

सगळीकडे मात्र हाच शब्द नाही. इंग्रजी 'किंग'चं नातं 'किन'शी, म्हणजे कुळाशी. फारसी 'शाह' आपल्या 'क्षत्रिय'मधल्या 'क्षत्र'चा भाऊबंद, अर्थ सत्ता. बुद्धिबळात तुम्ही 'शह' देता, तो हाच!

सगळ्यात मोठा ट्विस्ट रोममध्ये आहे. राजांना हाकलून प्रजासत्ताक आणलेल्या रोमनांना 'रेक्स' हा शब्दच नकोसा झाला होता. इसवी सनपूर्व ४४ मध्ये ज्युलियस सीझरनं लोकांसमोर राजमुकुट नाकारला. पण पुढे त्याचं नावच पदवी बनलं. जर्मन 'कैसर' आणि रशियन 'झार' त्यातूनच आले. शब्द टाळला, सत्ता नाही टाळली!

म्हणूनच हे फक्त शब्दांचे खेळ नाहीत. आज आपल्या देशात राजे नाहीत, पण बॅनरवर 'किंग' आणि बातम्यांत 'किंगमेकर' आहेतच. त्यांना कुठल्या नावानं हाक मारतात यात अडकू नका. त्यांनी आखलेली रेष सरळ आहे का, तेवढं बघा. पट्टी तुमच्याकडेही आहे!